अनिताबाईंच्या वर्गात मागे बसून

मोनालीला शिकायची भारी हौस. डी.एड. झालं, नोकरी लागली, नोकरी करता करता बी.ए. झालं, मग एम.ए. झालं, तरी तिची भूक भागेना. नवरा बुद्धभूषण कंपनीतून घरी आला की आधी विचारायचा, "आता कुठं नाव घातलंस?" ती हसायची आणि चहा पुढं करायची. चाळिशी जवळ आली, लेक पायल दहावीला बसली, आणि हिनं बारामतीच्या एका कॉलेजात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. विषय काय, तर शिक्षकांचं नेतृत्व. म्हणजे वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकानं साहेब न होता, खुर्ची न मिळवता, आपल्या जोडीच्या शिक्षकांना पुढं कसं न्यायचं याचं शिक्षण. नोकरीतल्या शिक्षकांसाठीच असल्यामुळं तास रविवारी असायचे.

आठवडाभर शाळा, आणि रविवारी कळंबहून स्कुटीनं जंक्शन नावाच्या गावापर्यंत, तिथं गाडी लावून एसटीनं बारामती. माहेरचे लोक म्हणायचे, अगं जरा दम घे. पण तिचे वडील ज्ञानदेव, कारखान्यातून निवृत्त झालेले, ते कुणाला काही बोलू द्यायचे नाहीत. "शिकतीया ना? मग शिकू द्या," एवढंच म्हणायचे आणि विषय संपवायचे. त्या घरात शिकण्याला कुणी नाही म्हणायचं नाही, ही रीत बाबासाहेबांपासूनची.

आणि तिची हौस नुसती कागदाची नव्हती, हे खरं बोललं पाहिजे. नोकरी लागल्यापासून ती वरून येणारे हुकूमच झेलत आली होती. आज फोटो टाका, उद्या माहिती भरा, परवा प्रशिक्षणाला या. या सगळ्यात एक शिक्षक दुसऱ्याला कधी विचारत नाही, की बाबा, तू हे कसं शिकवतोस, मला दाखव. प्रत्येकजण आपल्या वर्गाचं दार लावून आत एकटा. हे तिला खुपायचं. बारामतीच्या तासाला पहिल्यांदा जेव्हा दिग्विजय सर म्हणाले, की एकमेकांचे पाठ बघा, मागे बसा, नंतर मोकळेपणानं बोला, तेव्हा तिला वाटलं, हेच तर मी इतकी वर्षं शोधत होते.

फक्त शिकण्याचा एक दोष असतो. नवे शब्द आले की माणूस त्यांच्या चष्म्यातून बघायला लागतो. मोनालीच्या बोलण्यात निरीक्षण, अभिप्राय, बदलाला विरोध असले शब्द यायला लागले. आमटी खारट झाली असं बुद्धभूषण म्हणाला, तर म्हणे, "अभिप्राय देताना आधी चांगलं काय ते सांगावं." तो बिचारा भाकरी चांगली झालीय म्हणाला आणि गप्प जेवला.

तिची शाळा कळसच्या पुढं वस्तीवर. जिल्हा परिषदेची, चार शिक्षकांची. मुख्याध्यापक आप्पासाहेब, नवीन लागलेली स्वरूपा, मोनाली, आणि अनिताबाई. शाळेतले बाकीचे आता सर आणि मॅडम झाले, पण अनिताबाईंना मॅडम म्हणायला कुणाची जीभ वळायची नाही. त्या बाईच.

मोनालीच्या तर त्या खऱ्याच बाई. कळंबच्या शाळेत ती पहिलीला गेली तेव्हा अनिताबाई नव्यानं लागलेल्या होत्या. मोनालीला पाटीवर पहिलं अक्षर त्यांनी हात धरून काढायला शिकवलं. ती दोन दिवस शाळेत दिसली नाही की बाई थेट वस्तीत यायच्या आणि ताईबाईला, म्हणजे मोनालीच्या आईला, दारातूनच रागवायच्या. चौदा एप्रिलला घरी यायच्या, चटईवर बसून खीर खायच्या. त्या काळी गावातून दुसरं कुणी असं येऊन बसल्याचं ज्ञानदेवांना आठवत नाही. पुढं बाईंची बदली होत होत त्या कळसला आल्या, तिथंच घर, नवऱ्याची डाळिंबाची बाग. आणि मोनाली बदलीनं त्याच शाळेत आली तेव्हा बाईंनी साऱ्या गावाला सांगितलं, की माझ्या हाताखालची पोरगी आता माझ्या शेजारच्या वर्गावर आली.

दुसऱ्या वर्षाला प्रकल्प होता. आपल्या शाळेतला एक सहकारी निवडायचा, त्याचे पाठ बघायचे, त्याच्याशी बोलायचं, त्याच्या शिकवण्यात काही बदल घडवून आणायचा आणि तो दाखवायचा. हे जमलं तर पदवी, नाहीतर दोन वर्षांचे रविवार पाण्यात. मोनालीनं अनिताबाईंना निवडलं. प्रेम होतंच, पण त्यात थोडा हिशेबही होता. स्वरूपा नवीन, तिला उगाच भीती वाटेल. आप्पासाहेब वरिष्ठ, ते जमणार नाही. आणि बाई काही आपल्याला नाही म्हणायच्या नाहीत.

बाई नाही म्हणाल्याच नाहीत. मोनालीच्या तोंडाकडं बघत त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "बस की गं माझ्या वर्गात. बघ तुझ्या म्हातारीला अजून जमतंय का."

मोनाली दुसरीच्या वर्गात मागं पोरांशेजारी सतरंजीवर बसली. बाई उभ्या राहिल्या, फळ्यावर ओळ लिहिली, मोठ्यानं वाचली, आणि सगळा वर्ग सुरात मागनं म्हणाला. दुसरी ओळ, पुन्हा सगळे सुरात. धडा असाच पुढं गेला. आवाज इतका की पत्रा हादरेल. मोनालीच्या शेजारी माऊली नावाचा मुलगा बसला होता. तो सगळ्यांबरोबर तोंड हलवत होता, पण ओळ एक आणि याचं तोंड भलतीकडंच. मग बाईंनी एकेकाला वाचायला सांगितलं. माऊलीची पाळी आली. तो उभा राहिला, पुस्तकात बघितलं आणि म्हणाला, "बाई, मला येत न्हाय." बाई फळ्याकडं तोंड करून तारीख लिहीत होत्या. "छान. बस खाली," म्हणाल्या, आणि पुढच्या मुलाचं नाव घेतलं.

मोनालीला धक्काच बसला. पोरगं येत नाही म्हणतंय आणि बाई छान म्हणतात. आणखी एक गोष्ट तिनं पाहिली. एखाद्या पोराला काही सांगायचं असलं, तर ते उठून थेट बाईंच्या पुढ्यात जायचं, हाताला हात लावायचं, बाईंनी खाली बघितलं की मगच बोलायचं. वर्गात शिस्त नाही, पोरं लाडावलेली आहेत, अशी तिनं नोंद केली. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली की माणूस असंच ओढत नेतो, असंही तिला वाटलं. वाईट वाटलं, पण वाटलं.

मधल्या सुट्टीत ती बाईंशी बोलली. बाहेर पोरांचा गलका, आत आप्पासाहेब फोनवर मोठमोठ्यानं बोलत होते, आणि मोनाली वही चाळत खाली मान घालून बोलत होती. इतक्या वर्षांच्या बाईंना चूक दाखवायची म्हणजे डोळ्याला डोळा देणं जड जातंच. सगळ्यांना एकदम म्हणायला लावू नका, एकेकाचं ऐका, माऊलीला वाचता येत नाही, त्याच्याकडं बघा, असं सगळं तिनं सांगितलं. बाई मान डोलावत राहिल्या. "बरं बरं. करू की," म्हणाल्या आणि डब्यातली डाळिंबाची वाटी तिच्याकडं सरकवली.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा मागं बसली. काही म्हणजे काही बदललेलं नव्हतं. तोच सूर, तेच "छान". माऊली उभा राहिला, येत न्हाय म्हणाला, बसला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आता मात्र मोनालीचं डोकं सणकलं. तोंडावर बरं म्हणायचं आणि करायचं काहीच नाही, ही कसली तऱ्हा. आपण लहानपणची पोरगी, म्हणून आपलं बोलणं त्यांनी मोजलंच नाही, असं तिच्या मनानं घेतलं. मनानं एकदा घेतलं की मग काय, प्रत्येक गोष्ट त्याच साच्यात बसते.

तिनं बारामतीला दिग्विजय सरांना सांगितलं. सर खूश झाले. "मॅडम, हाच तर बदलाला विरोध. तुमच्या प्रकल्पाचा गाभा हाच. पाठाचा व्हिडिओ घ्या, म्हणजे पुरावा राहील. आणि तुमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडा. शिक्षकांनी शिक्षकांपुढं बोलायचं, हेच तर नेतृत्व."

शिक्षण परिषद म्हणजे दर महिन्याला आसपासच्या सगळ्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात, तो दिवस. एरवी तिथं सूचना वाचल्या जातात, चहा होतो आणि लोक घड्याळाकडं बघत बसतात. मोनालीनं खिडकीशी फोन ठेवून बाईंच्या पाठाचा व्हिडिओ घेतला. बाईंनी आनंदानं घेऊ दिला, उलट आदल्या दिवशी विचारलं, "इस्त्रीची साडी नेसू का गं?" त्यातला माऊलीचा तुकडा तिनं काढून ठेवला. बाईंचा चेहरा त्यात नव्हता, नुसती पाठ आणि आवाज. नाव घ्यायचं नाही म्हणजे झालं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. चाळीस-पन्नास माणसांच्या केंद्रात अनिताबाईंचा आवाज कोण ओळखत नाही, एवढं तिला कळू नये? कळत होतं. पण दोन वर्षांची मेहनत डोळ्यांपुढं होती.

परिषदेच्या दिवशी अनिताबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. आपल्या मोनालीचं भाषण आहे म्हणून. मोनाली माईक हातात धरून उभी राहिली. अभ्यासक्रमाबद्दल बोलली, एकमेकांचे पाठ बघण्याबद्दल बोलली, छान बोलली. मग तिनं पडद्यावर तो तुकडा लावला. माऊली उभा राहिला. "बाई, मला येत न्हाय." मागनं आवाज, "छान. बस खाली."

हॉलमध्ये खसखस पिकली. कुणीतरी मागं कुजबुजलं, कुणीतरी हसू दाबलं. मोनाली पुढं बोलत राहिली, माईक ओठांना लावून. काही अनुभवी शिक्षक बदलाला तयार नसतात, सांगून पाहिलं तरी ते ऐकत नाहीत, असं ती म्हणाली. हे वाक्य तिनं घरी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं. म्हणताना तिची नजर पहिल्या रांगेकडं गेली. तिला वाटलं होतं, बाई मान खाली घालतील, रागावतील, कदाचित उठून जातील. बाई तिच्याकडं बघून हसत होत्या. कौतुकानं, तोंड भरून. आणि मोनाली क्षणभर थांबली तेव्हा, भाषण संपलं असं समजून, त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकट्यांनीच.

आता लोक उघड हसले. मोनालीच्या हातातला माईक खाली आला. "बाई," ती म्हणाली. माईकविना, हळू. आणि बाईंनी लगेच विचारलं, "काय गं?" त्यांचे डोळे मोनालीच्या डोळ्यांवर नव्हते. ओठांवर होते.

तेव्हा तिला कळलं. वर्गातली दुसरीची पोरं जे जाणून होती, म्हणून हाताला हात लावून समोर उभी राहून बोलत होती, ते शेजारच्या वर्गात बसणाऱ्या आणि नेतृत्वाचं शिक्षण घेणाऱ्या मोनालीला कळलं नव्हतं. बाईंना ऐकू येत नव्हतं. पोरांना सुरात म्हणायला लावायच्या, कारण एकेकाचं त्यांना कळत नव्हतं. "करू की" म्हणाल्या, कारण मोनालीनं मान खाली घालून काय सांगितलं ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

चहाच्या वेळी बाई दिसेल त्याला सांगत होत्या, "माझ्या हाताखालची पोरगी हाय. बोलली का न्हाय?" लोक हो हो म्हणून बाजूला सरकत होते. मोनाली त्यांच्याजवळ जायला निघाली आणि वाटेतच थांबली. एवढ्या लोकांत, समोर उभं राहून, ओठ स्पष्ट हलवत, काय म्हणणार होती ती? स्वरूपा कप घेऊन जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्यांना आधी दाखवायला हवं होतं." लहान मुलगी, पण बरोबर बोलली. मोनाली गाडी काढून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी अनिताबाई शाळेत आल्या नाहीत. व्हायचं तेच झालं होतं. कुणीतरी पडद्यावरचा तो तुकडा आपल्या फोनमध्ये घेतला आणि केंद्राच्या ग्रुपवर टाकला, खाली हसणारी चित्रं लावून. शाळा सुटल्यावर मोनाली बाईंच्या घरी गेली. दारात सावळाराम तात्या, बाईंचे मालक, डाळिंबाच्या क्रेट रचत होते. त्यांनी तिला बस म्हटलं नाही. तसं त्या घरात कधी झालं नव्हतं.

"दोन वर्सं झाली तिला," तात्या म्हणाले. "मशीन आणलं कानाचं, पर घालीना. म्हणती, शाळंत कळलं तर घरी बसवतील, आणि घरी बसून मी करू काय? तुला सांगायची म्हणत व्हती. पर तुझं ते शिक्षण चाललेलं. म्हणली, तिचं होऊ दे, मग सांगते."

मोनाली आत गेली. बाई पलंगावर बसल्या होत्या, हातात फोन. ती त्यांच्यासमोर खाली बसली, तोंड त्यांच्याकडं करून, आणि सावकाश बोलली. बाई, माझं चुकलं. मला कळायला हवं होतं. मी सगळ्यांपुढं तुमची अब्रू घालवली. तिला रडू आलं आणि रडताना ओठ नीट हलेनात, म्हणून तिनं तेच पुन्हा सांगितलं.

बाईंनी हात वर करून तिला थांबवलं. "लोकं हसली त्याचं जाऊ दे. हसणारी हसत्यात. हे बघ." त्यांनी फोनवर तो तुकडा लावला. आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हताच. त्यांनी माऊलीच्या तोंडावर बोट ठेवलं. "हे मी आज बघितलं. काल पडद्याकडं न्हाय, तुझ्याकडंच बघत व्हते. वर्गात मी फळ्याकडं तोंड करून असायची. पोरगं काय म्हणतंय ते आज त्याच्या ओठांवर वाचलं. मला येत न्हाय म्हणतंय गं. आणि मी छान म्हणतीय."

मोनाली काहीतरी म्हणायला गेली. बाईंनी ऐकलं नाही, म्हणजे बघितलं नाही.

"मी डॉक्टरकडं चालले उद्या बारामतीला. मशीन घालीन. साहेबांना सांगीन खरं काय ते. ठेवलं तर ठेवलं, न्हाईतर बसंन घरी. माझं काय व्हायचं ते होईल." त्यांनी फोन उलटा करून बाजूला ठेवला आणि मोनालीकडं बघितलं. लहानपणी ती शाळा बुडवायची तेव्हा बघायच्या, तसं. "पर तू त्याच्या शेजारी बसली व्हतीस, पोरी. तीन आठवडं. तू ऐकत व्हतीस, लिहून घेत व्हतीस. मला ऐकू येत नव्हतं. तुला येत व्हतं. मग तू का न्हाय त्याला शिकवलं?"

मोनाली खाली सतरंजीकडं बघत बसली. बाहेर तात्या क्रेट टेम्पोत चढवत होते, त्याचा आवाज आत येत होता, आणि खोलीत तो एकट्या मोनालीलाच ऐकू येत होता.